सॉ मिलमधल्या टाकाऊ लाकडापासून वीज : गॅसिफायर परवडेल का?

वाशिष्ठीकाठ
चिपळूणजवळच्या सॉ मिलचे आकडे मांडतो आहे. जाणकारांनी तपासून सांगावं.

रोज साधारण ४०० किलो टाकाऊ माल निघतो. त्यातला दीडशे किलो भुसा, उरलेला अडीचशे किलो सालीकडच्या फळ्या आणि तुकडे. लाकूड बहुतेक आंबा आणि आकेशिया, अधूनमधून फणस. सगळं हिरवंच चिरलं जातं. पट्टा करवतीला २० एचपीची मोटर आहे, शिवाय ५ एचपीचा रंधा. लाईट गेली की ४० केव्हीएचा डिझेल जनरेटर चालतो.

२५ किलोवॅटचा गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून इंजिनात जळणारा गॅस करणारा संच, सुचवला गेला आहे. विकणाऱ्याचं म्हणणं असं की १ किलो लाकडात १ युनिट वीज मिळते, म्हणजे दिवसाला ४०० युनिट. हे खरं धरायचं का? कोकणातल्या पावसाळ्यात काय करायचं? आणि मुळात याला शाश्वत वीज म्हणता येईल का?

तापमापी
४०० युनिट विसरा. हिशोब असा करा.

भुसा आधी बाजूला काढा, तो या यंत्रात थेट चालत नाही. उरले २५० किलो. ताज्या चिरलेल्या लाकडात ४५ टक्के पाणी धरलं तर कोरडं लाकूड १३७ किलो. ते १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं की वजन भरतं सुमारे १६० किलो. यंत्रात जाणारं इंधन एवढंच.

१५ टक्के ओलाव्याच्या १ किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते. गॅसिफायर त्यातली तीन-चतुर्थांश गॅसमध्ये उतरवतो आणि छोटं इंजिन गॅसमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा विजेत बदलतं. म्हणून या आकाराच्या संचाला युनिटमागे १.३ किलो वाळलेलं लाकूड लागतं. १६० किलोचे झाले १२५ युनिट. ब्लोअर, पंप आणि तुकडे करणारं यंत्र यात १०-१२ टक्के जातील. हातात येतील ११० युनिट.

१ किलोत १ युनिट हा आकडा अगदी चुकीचा आहे असं नाही, पण तो बहुधा डिझेलसोबत चालणाऱ्या इंजिनाचा असतो आणि तिथेही लाकूड वाळलेलंच धरलेलं असतं.

राधिका_प
ओलावा मोजताना एक घोळ नेहमी होतो. काही जण पाण्याचं वजन ओल्या लाकडाच्या एकूण वजनाशी ताडतात, काही कोरड्या लाकडाशी. ओल्या वजनावर २० टक्के म्हणजे कोरड्या वजनावर २५ टक्के. गॅसिफायरवाले पहिली पद्धत वापरतात आणि सुतारकामातलं दोन टोचण्यांचं मीटर दुसरी दाखवतं. शिवाय ते मीटर ३० टक्क्यांच्या वर भरवशाचं राहत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे ओव्हन. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून तुकडे घ्या, वजन करा, १०५ अंशांवर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत थांबा. जाड तुकड्यांना पूर्ण दिवस लागतो. नुसता वरचा थर तपासला तर आकडा नेहमी सुखाचा येतो आणि इंजिनाला भलतंच इंधन मिळतं.

शेखर काणकोण
भुसा का चालत नाही ते कुणी सांगेल का? दीडशे किलो म्हणजे चांगला तिसरा हिस्सा झाला की.

भट्टीकर
शेखरभाऊ, तुकड्यांच्या गॅसिफायरमध्ये हवा इंधनाच्या थरातल्या फटींतून खाली जाते. भुशात त्या फटीच राहत नाहीत. थर घट्ट बसतो किंवा हॉपरमध्ये, म्हणजे इंधन भरायच्या वरच्या टाकीत, कमान धरतो. खाली पोकळी होते, मग कमान अचानक कोसळते. तेवढा वेळ गॅस पातळ होतो, इंजिन गुदमरतं आणि लाकडातून सुटणारं चिकट डांबर वाढतं.

ब्रिकेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या) करून घालू म्हणाल तर पिस्टन प्रेसच्या बिनगोंदाच्या ब्रिकेट आतल्या उष्णतेत फुलून पुन्हा भुसा होतात. बॉयलरला त्या उत्तम, इथे नाही.

पण भुशाचा एक उपयोग इथेच आहे: गॅस गाळायला. गॅस थंड झाल्यावर आधी लाकडाच्या तुकड्यांचा जाड फिल्टर, मग कोरड्या भुशाचा बारीक फिल्टर आणि शेवटी कापडी पिशवी. डांबराने माखलेला भुसा थोडा थोडा करून तुकड्यांसोबत परत हॉपरमध्ये घालता येतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी लावा. सुरुवातीचा फरक लिहून ठेवा आणि तो दुप्पट-तिप्पट झाला की भुसा बदला. पन्नास रुपयांच्या नळीचं मापन आहे, पण सगळ्या संचात याहून उपयोगी काही नाही.

म्यूनिकर_मंदार
आतली रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. इंजिनासाठी हवा आणि गॅस दोन्ही वरून खाली जाणारा प्रकारच घ्यायचा. हॉपरमध्ये लाकूड वाळतं, त्याखाली हवेविना भाजून त्यातून वाफा आणि डांबर सुटतं, मग हवेच्या नळ्यांपाशी हजार अंशांच्या वर ज्वलन होतं, आणि त्याखाली लालभडक कोळशाच्या थरात कार्बन डायऑक्साइड आणि वाफेचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनमध्ये रूपांतर होतं. डांबराला या तप्त पट्ट्यातून जावंच लागतं, म्हणून ते मोडतं. उलट्या दिशेच्या गॅसिफायरमध्ये डांबर न मोडताच वरून निघून जातं. तो गॅस भट्टीत जाळायला ठीक, इंजिनात नको.

बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये जवळपास निम्मा नायट्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड २० टक्क्यांच्या आसपास, हायड्रोजन १५ ते १९ आणि मिथेन दोन-तीन. १ किलो लाकडातून असा अडीच घनमीटर गॅस निघतो.

इमबर्ट पद्धतीत ज्वलनाच्या जागेखाली भांडं अरुंद होतं, तो गळा. त्याचा आकार मनाने ठरवायचा नाही. २५ किलोवॅटला ताशी ८० घनमीटर गॅस लागतो. गळ्याच्या दर चौरस सेंटीमीटरमागे ताशी ०.९ घनमीटर ही वरची मर्यादा धरली की गळ्याचा व्यास येतो ११ सेंटीमीटरच्या जवळ. त्यात अडकू नयेत म्हणून तुकडे २ ते ४ सेंटीमीटरचे हवेत. वीतभर लांबीच्या फळ्या चालणार नाहीत.

वाशिष्ठीकाठ
करवत सतत पूर्ण लोड घेत नाही. ओंडका लागला की ओढते, नाहीतर रिकामी फिरते. याचा त्रास होईल का?

म्यूनिकर_मंदार
होईल, आणि दोन बाजूंनी.

लोड पाव हिश्श्याच्या खाली गेला की गॅसची ओढ कमी होते, हवा कमी जाते आणि गळ्यातलं तापमान उतरतं. डांबर मोडायचं थांबतं. सलग कमी लोडवर चालवलेला संच सकाळी इनटेक वाल्व चिकटलेला सापडतो, कारण डांबर थंड झाल्यावर तिथे गोठतं.

दुसरी बाजू अचानक येणाऱ्या लोडची. गॅसचं इंजिन दचकल्यासारखं बसतं, डिझेलसारखं झटकन सावरत नाही. २० एचपी म्हणजे १५ किलोवॅट. ही मोटर थेट चालू केली तर सहापट करंट ओढेल. सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर बरं, मोटर हळूहळू वेगात आणणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी असेल तर उत्तम. तरीही ओंडका घुसल्यावरचे झटके राहतातच.

भट्टीकर
म्हणूनच सॉ मिलला पूर्ण गॅसचं इंजिन न घेता आहे त्याच डिझेल जनरेटरवर दुहेरी इंधन चालवावं. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये टी आकाराचा पाइप जोडायचा, एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने गॅस, दोन्हींवर बटरफ्लाय वाल्व. आधी इंजिन डिझेलवर सुरू करा, लोड द्या, मग गॅस हळूहळू उघडा. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो. ७० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं. सगळं डिझेल बंद करता येत नाही, कारण ठिणगी देणारा प्लग नाही, पेट डिझेलनेच घ्यायचा असतो.

गॅसचं प्रमाण ओढून ताणून वाढवलं की इंजिन ठोकायला लागतं आणि धूर काळा होतो. तिथून थोडं मागे या. इंजिनाची क्षमता सुमारे पाचव्या हिश्श्याने घटेल असं धरून लोड ठेवा. काम संपवताना गॅस बंद करून शेवटची पाच मिनिटं नुसत्या डिझेलवर चालवा, वाल्व स्वच्छ राहतात. ऑइल मात्र डिझेलच्या मानाने निम्म्या तासांत बदला.

अश्विनी देव
विषय इंजिनाकडे वळला, पण सगळ्यात आधी सांगायची गोष्ट राहूनच गेली. या गॅसमध्ये २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो १ टक्का झाला तरी माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं दिसली तर "पित्त झालं असेल" म्हणून तिथेच बसू नका. लगेच मोकळ्या हवेत या आणि इतरांनाही बाहेर काढा.

संच चारही बाजूंनी उघड्या शेडमध्येच ठेवा. पावसाची झड येते म्हणून ताडपत्री बांधून बंद करणं ही कोकणातली हमखास घडणारी चूक असेल. पाऊस अडवायला छप्पर लांब काढा, भिंती नकोत. ऑपरेटर उभा राहतो तिथे आणि जनरेटरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. फिल्टर किंवा राखेचं झाकण एकट्याने उघडायचं नाही. बंद करून थंड झाल्यावर, ब्लोअरने हवा खेळवून, दुसरा माणूस बाहेर उभा असतानाच उघडायचं.

आणि गरम हॉपर उघडून आत डोकावणं नकोच. आत हवा शिरली की भडका उडतो.

तापमापी
अश्विनीताईंशी शंभर टक्के सहमत. सुरुवातीची पद्धतही त्यातच येते. गळ्यापासून नळ्यांच्या वरपर्यंत कोळसा भरा, वर लाकूड. ब्लोअर चालू करून नळीतून काकडा दाखवा. गॅस इंजिनाकडे न नेता बाहेरच्या फ्लेअरवर, म्हणजे गॅस उघड्यावर जाळायच्या नळीवर, पेटवा. सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो, तो डांबराचा आणि वाफेचा. दहा-पंधरा मिनिटांत ज्योत स्थिर, निळसर-जांभळी होते. तोवर इंजिनाला गॅस द्यायचा नाही. फिल्टरनंतरच्या नळीवर पांढरं स्वच्छ कापड मिनिटभर धरा. पिवळा-तपकिरी डाग पडला तर अजून थांबा. करडा कोरडा डाग पडला तर ती धूळ आहे, म्हणजे कापडी पिशवी फाटली असेल.

नारळीपौर्णिमा
करवंट्या आणि काजूची टरफलं यांचं काय? आमच्या भागात दोन्हींचे ढीग असतात.

भट्टीकर
करवंटी हे या यंत्राचं सर्वांत आवडतं इंधन. घट्ट, राख अगदी कमी, कोळसा टणक होतो. फक्त फोडून दोन-तीन सेंटीमीटरची करा, अख्ख्या वाट्या एकमेकींत बसून अडकतात.

काजूची टरफलं नकोत. त्यांतलं तेल फिनॉलच्या जातीचं, आम्लधर्मी आणि दाहक आहे. तेल काढून घेतल्यावरही बरंच उरतं आणि ते सगळं फिल्टरवर येतं. ती बॉयलरला द्या.

विदर्भपुत्र
आमच्याकडे पऱ्हाट्यांबद्दल, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या झाडांच्या काड्यांबद्दल, हाच प्रश्न येतो. लाकडाची राख साधारण एक टक्का असते, पऱ्हाट्यांची तीन-चार टक्के किंवा जास्त, आणि तिच्यात पोटॅश भरपूर. त्यामुळे ती कमी तापमानाला वितळून काचेसारखे गोळे होतात आणि राख खाली पाडणारी जाळी बंद पडते. मुळांना चिकटलेल्या मातीची यात भर. निव्वळ पऱ्हाट्या नकोत. मुळं छाटून, माती झटकून, लाकडात मिसळून, आणि हलणारी जाळी असेल तरच.

राधिका_प
धाग्यात फर्निचरवाले वाचक असतील तर त्यांच्यासाठी: टाकाऊ लाकूड म्हणजे सगळंच चालत नाही. प्लायवूड आणि एमडीएफमधल्या युरिया फॉर्मल्डिहाइड गोंदात नायट्रोजन असतो, त्याचे विषारी वायू होतात. लॅमिनेटच्या पीव्हीसी पट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते इंजिन खातं. हिरवट छटेचं, क्रोमियम-तांबं-आर्सेनिक मुरवलेलं लाकूड तर अजिबात नको, त्याची राखसुद्धा विषारी. जर्मनीत यासाठी टाकाऊ लाकडाचे ए-१ ते ए-४ असे चार वर्ग कायद्यानेच पाडले आहेत आणि निव्वळ लाकूड फक्त पहिल्या वर्गात येतं. पॅकिंगच्या पेट्यांवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो. त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, ते चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते बाजूला काढा.

सह्यकडा
मला मूळ शंका शाश्वत या शब्दाबद्दल आहे. यंत्र एकदा बसलं की त्याला रोज खायला लागतं. टाकाऊ कमी पडलं की जळाऊ लाकूड विकत घेतलं जातं, आणि खाजगी रानं आधीच भराभर तुटत आहेत. गिरणीतला कचरा वापरतोय म्हणता म्हणता आपण तोडीला नवं गिऱ्हाईक उभं करतो.

म्यूनिकर_मंदार
शंका रास्त आहे. यंत्र कचऱ्याच्या मापाचं घ्यावं, कचरा यंत्राच्या मापाचा करू नये, एवढी शिस्त हवी. इथे रोज १६० किलो वाळलेलं लाकूड आहे, म्हणजे १८ किलोवॅटच्या सरासरी लोडवर सहा-सात तास. यंत्र ५० किलोवॅटचं घेतलं तर बाहेरून लाकूड आणावंच लागेल.

दोन उदाहरणं बघा. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये छोटा गॅसिफायर लावला. दिवे, पिण्याचं पाणी आणि पिठाची गिरणी त्यावर चालली. पण तिथे यंत्रासोबत गावाची इंधनाची लागवडही होती. ऑस्ट्रियातल्या गुसिंगमध्ये २००१ पासून ८ मेगावॅट लाकडाच्या उष्णतेतून २ मेगावॅट वीज व्हायची आणि त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता गावाच्या घरांना जायची. विजेचा हमीभाव संपला, लाकूड महागलं आणि २०१६ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. तंत्र चालत होतं, इंधनाचा भाव सोसला नाही.

भट्टीकर
मंदार, उष्णतेचा मुद्दा अजून ठासून मांडायला हवा. या लाकडातली पाचव्या हिश्श्याहून कमी शक्ती विजेत जाते. तेच लाकूड साध्या गरम हवेच्या भट्टीत जाळलं तर ७० टक्के वापरता येते. सॉ मिलला उष्णतेची गरज नसती तर गोष्ट वेगळी, पण चिरलेला माल सुकवायचा असतोच की! सिझनिंग चेंबर, म्हणजे लाकूड सुकवायची बंद खोली, ५५ ते ७० अंशांवर चालतो. उघड्यावर महिने लागतात तिथे काम दिवसांवर येतं आणि सुकवलेल्या मालाला भावही वेगळा मिळतो. शिवाय भुसासुद्धा त्या भट्टीत जाळता येतो.

तापमापी
भट्टीकरांना पैशांची बाजू जोडतो. महिन्याला २५ दिवस धरले तर २७५० युनिट. ऑपरेटरचा पगार १५ हजार धरा, युनिटमागे साडेपाच रुपये झाले. हिरवा माल अडीच रुपये किलोने विकला जात असेल असं धरलं तर तो न विकल्यामुळे युनिटमागे आणखी साडेपाच-पावणेसहा बुडतात. ऑइल, कापडी पिशव्या, नळ्या, जाळी यांचे दोन. यंत्राची किंमत न धरताच तेरा रुपये. डिझेलवरचं युनिट, ९० रुपये लिटरने आणि लिटरला सव्वातीन युनिट धरून, २८ रुपयांच्या आसपास पडतं.

म्हणजे डिझेलशी तुलना केली तर गॅसिफायर जिंकतो. मीटरवरच्या विजेशी केली तर तुमचं बिल काढून दर बघा. बहुधा जिंकणार नाही.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार, चित्र पुष्कळ स्पष्ट झालं. डिझेल जनरेटर उन्हाळ्यात क्वचितच लागतो. जून ते सप्टेंबर मात्र झाडं पडून लाईन जाते, कधी तासभर, कधी अख्खा दिवस. मग फक्त पावसाळ्यासाठी दुहेरी इंधन ठेवावं का?

तापमापी
तासाभराच्या खोळंब्याला नको. पेटवून ज्योत स्थिर होईपर्यंतच पंधरा मिनिटं जातात, गॅस पुरता सुरू होतो न होतो तोच लाईट परत येते. अख्खा दिवस जात असेल तर उपयोग आहे, पण मग वाळलेलं इंधन मेअखेर छपराखाली असायला हवं. चार महिने रोज चालवायचं म्हटलं तर १६ टन, म्हणजे पन्नासहून जास्त घनमीटरचा ढीग. अख्खा दिवस लाईन आठवड्यातून एकदा जाते असं धरून तेवढाच दिवस चालवायचं तर अडीच-तीन टन पुरे.

ते ऑक्टोबर ते मे उन्हात वाळवा. फळ्या हिरव्या असतानाच तुकडे करा, तेव्हा त्या सोप्या कापतात आणि लवकर वाळतात. थर वीतभराहून जाड नको, खाली सिमेंटची जमीन, रोज एकदा उलथापालथ. पावसाळ्यात तुकडे हवेतला ओलावा परत ओढतात, म्हणून इंजिनाच्या एक्झॉस्टवर उष्णता बदलणारी नळकांडी बसवून ८० अंशांची गरम हवा ढिगातून सोडा. एक्झॉस्ट थेट सोडू नका, त्यात ठिणग्या असतात.

भट्टीकर
माझं मत: आधी सिझनिंग चेंबर आणि भुसा-तुकड्यांची भट्टी करा. चेंबरचा पंखा आणि करवत मीटरवर चालू द्या. वर्षभर रोज डिझेलचे तास आणि लिटर वहीत लिहा. रोजचे चार-पाच तास भरायला लागले तर दुहेरी इंधनाचा विचार करा. तोवर तीन टन वाळके तुकडे भट्टीतच जातील, वाया काहीच नाही.

अश्विनी देव
आणि संच घेतलाच तर पाण्याने गॅस धुणारा स्क्रबर घेऊ नका. त्या पाण्यात फिनॉल उतरतं आणि ते वहाळात सोडलं की मासे मरतात. वर सांगितलेला कोरडा भुशाचा फिल्टरच घ्या. थंड करताना नळ्यांच्या तळाशी जमणारं काळं पाणी मात्र तिथेही असतं. ते कॅनमध्ये साठवून थोडं थोडं भट्टीच्या जाळावर संपवा.

नारळीपौर्णिमा
करवंट्या आणि लाकूड मिसळून चालतील ना? प्रमाण किती?

भट्टीकर
चालतील, कितीही. दोन्हींचा आकार सारखा ठेवा. फक्त यू नळीतला दाबाचा फरक पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने बघा. करवंटीचा थर जास्त मोकळा बसतो, त्यामुळे हवेचा वाल्व पुन्हा लावून घ्यावा लागेल.